अर्ध्या पगाराचं गाऱ्हाणं

उत्तराने पिशवीतून बॉल काढून पाटावर ठेवला आणि वडे थापणाऱ्या मालनचा हात तिथल्या तिथे थांबला.

चामड्याचा जुना बॉल. सुरीने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फाडलेला, आतलं रबर बाहेर लोंबत होतं.

"सकाळी आमच्या दाराच्या कडीला टांगला होता," उत्तरा म्हणाली. "दूध घ्यायला दार उघडलं तर हा थेट तोंडावर आला. मी ओरडलेसुद्धा नाही हो. ओरडायला आवाजच फुटला नाही."

"अगो बाय माझे! आज म्हाळाच्या दिवशी?" सासू रुक्मिणी भिंतीला टेकली. "पितरांच्या दिवशी ह्या कोणी केल्यान?"

कोणी केलं हे काय विचारायचं? मुलुंडच्या हेमकांत केबल कंपनीत हजार माणसं होती आणि त्यातल्या निम्म्यांच्या मनात हेच होतं. मंदी आली म्हणून शेठने श्रावणापासून सगळ्यांचा पगार अर्धा केला होता. सगळ्यांचा म्हणजे, फुटबॉलच्या टीमचा सोडून. टीम म्हणजे शेठचा जीव की प्राण. पेपरात नाव येतं ना! मशीनवरच्या माणसाला अर्धा पगार आणि मैदानावरच्याला पुरा, वर दूध-अंड्यांचा भत्ता वेगळा. कंपनीच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेलं रोज पुसत होते, रोज नवीन उमटत होतं.

आणि घाडींच्या घरातली दोन्ही मुलं त्याच कंपनीत. थोरला काशीराम, मालनचा नवरा, वायर ओढायच्या खात्यात, अर्ध्या पगारावर. धाकटा नंदू, उत्तराचा नवरा, नावाला स्टोअरमधला क्लार्क, खरा सेंटर फॉरवर्ड, पुऱ्या पगारावर, कंपनीच्या क्वार्टरमध्ये. दोघं एका कंपनीत लागले तेव्हा रुक्मिणीने भटवाडीत घरोघर पेढे वाटले होते. आता तेच सुख उलटून अंगावर आलं होतं.

"पोलिसांत जाऊ या म्हटलं तर हे नको म्हणतात," उत्तरा सांगत होती. ती पार्ल्याची, विमा कंपनीत नोकरी करणारी. तिच्या माहेरी भांडण झालं की पत्र लिहीत. "बॉल बघितला आणि तोंड शिवल्यासारखे गप्प बसलेत. मालनवहिनी, तुम्ही तरी सांगा त्यांना."

"मी काय सांगू?" मालन म्हणाली आणि हातातला वडा तेलात सोडला. तो वेडावाकडा फुगला. तिला उत्तराकडे बघवत नव्हतं. शुक्रवारी संध्याकाळी आबा आणि आये भाजी आणायला बाजारात गेले असताना काशीरामच्या खात्यातले तिघेजण बाहेरच्या खोलीत येऊन बसले होते. चहा तिनेच केला होता. साखर कमी होती म्हणून तिला लाजही वाटली होती. काय बोलत होते ते स्टोव्हच्या आवाजात तिने अर्धंमुर्धं ऐकलं, आणि जेवढं ऐकलं ते अजून कोणाला सांगितलं नव्हतं.

बाहेरच्या खोलीत नंदू बसला होता, आणि तो माळ्याकडे बघत होता.

माळ्यावर पत्र्याची ट्रंक, तिच्यावर जुनी घोंगडी, आणि घोंगडीच्या शेजारची जागा रिकामी. लग्नाच्या आधी कंपन्यांच्या स्पर्धेचा कप जिंकला, तेव्हाचा बॉल त्याने तिथे ठेवला होता. अकराही जणांनी शाईने सह्या केल्या होत्या. शाई उडाली होती, पण सकाळी कडीवरून तो बॉल सोडवताना नंदूला आपली स्वतःची सही दिसली. तिरकी, शेवटी काढलेली रेघ लांबच लांब. भिंतीवर कोळशाने कोणीही लिहील, दगड कोणीही मारील. पण हा बॉल आपल्या घरातून गेला होता.

उत्तराला त्याने सांगितलं नाही. कसं सांगणार? तो म्हाळाला आला होता तो वडे खायला नव्हे. भावाचं तोंड बघायला आला होता.

नंदू आल्यापासून काशीराम केळीची पानं पुसत होता. पुसलेलं पान पुन्हा पुसत होता.

"दादा, किती पुसशील? फाटेल ना."

"धूळ आसता रे," काशीराम म्हणाला. मान काही वर केली नाही.

तेवढ्यात राजाराम आला. रुक्मिणीच्या लेकीचा, प्रेमाचा नवरा, घरचा जावई, आणि कंपनीच्या युनियनचा सेक्रेटरी. प्रेमा गावी होती, म्हणून एकटाच आला. दरवर्षी म्हाळाला त्याचं पहिलं पान. रुक्मिणीने पायांवर पाणी घातलं, पण पाय पुसायला पंचा द्यायला विसरली. एवढी ती घाबरली होती.

"उद्या सकाळी गेट मीटिंग आहे, नंदू," राजारामने बसता बसता विषय काढला. "टीममधला एक जण जरी उभा राहिला ना, की मी अर्धा पगार सोडतो म्हणून, तर पोरं शांत होतील. तू राहा उभा."

"आणि नाही राहिलो तर?"

राजारामने दारातून आत, पाटावरच्या बॉलकडे बोट दाखवलं.

"भावोजी, एक सांगा," नंदू म्हणाला. "मी अर्धा सोडला तर तो काय दादाच्या हातात पडतो? पॅकिंगमधल्या बायकांना मिळतो? शेठच्या गल्ल्यात जातो ना यार! उद्या बोर्डावर लावेल, बघा, आमचा सेंटर फॉरवर्डसुद्धा अर्ध्यावर खूश आहे, तुम्हाला काय धाड भरली? झालं, अर्धा पगार कायमचा. सगळ्यांचीच वाट लागली."

"ते गणित बरोबर असेल तुझं. उद्या गेटवर सांग. पॅकिंगमधल्या बायका चहात पाव बुडवून दिवस काढतात, त्यांना सांग तुझी अंडी कशी हिशोबात बसतात ते."

नंदूला चपराक बसली. कारण अंडी घशाखाली उतरत नव्हती हे खरंच होतं. गेले कित्येक दिवस तो कँटीनमध्ये जायचाच बंद झाला होता.

"टीम मॅनेजर काय म्हणालेत ते पण ऐका," उत्तरा दारातून म्हणाली. "गेटवर तोंड उघडलंस तर बूट जमा कर, क्वार्टरची किल्लीपण. ह्यांचं वय तीस, भावोजी. पाय अजून किती वर्षं चालणार? एकदा टीममधून काढलं की हे कोण? कुणी ओळखेल तरी का? कुणी काही सोडायचं नाही. मी सोडू देणार नाही."

"वहिनी, पाय शाबूत राहिले तर ना वर्षं मोजायची."

असं कोणी बोलायचं असतं? तेही म्हाळाच्या दिवशी, सासुरवाडीत बसून? रुक्मिणीने कानावर हात ठेवले. ह्या पायांना तिने तेल चोळलं होतं. नंदू जन्मला तेव्हा डावा पाय जरा आत वळलेला होता, सुईण म्हणाली होती, रोज चोळ, सरळ होईल. तोच डावा पाय पुढे गोल मारायला लागला. ती मॅच बघायला एकदाच कूपरेजच्या मैदानावर गेली आणि सगळा वेळ डोळे मिटून बसली.

"गप रवा सगळी," आबा म्हणाले. "पितर दारात उभे आसत. आदी गाऱ्हाणा."

आबा म्हणजे धाकू घाडी, दोघा भावांचे वडील. त्यांची गिरणी संक्रांतीपासून बंद होती. बंद गेट म्हणजे काय ते ह्या घरात त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. पहिल्यांदा घोषणा, मग उधारी, मग शेजाऱ्याने शेजाऱ्याशी बोलणं टाकायचं, आणि मग एक दिवस कोणाचं तरी डोकं फुटायचं. त्यांच्या खात्यातल्या एका जॉबरचं, म्हणजे मुकादमाचं, फुटलं होतं. आबांनी त्याला हातगाडीवर घालून नेला होता. ते घरी कोणाला त्यांनी सांगितलं नव्हतं.

गावी देवळात गाऱ्हाणं घालायचा मान घाडींचा. मुंबईत देऊळ नव्हतं, पण म्हाळाला आबा पानांसमोर उभे राहिले की भटवाडीतली चार घरं आपला आवाज बारीक करत. गाऱ्हाण्याची रीत साधी. आबांनी एकेक मागणं मागायचं, शेवटी 'म्हाराजा' म्हणायचं, आणि घरातल्या सगळ्यांनी 'होय म्हाराजा' म्हणून ते आपलं करायचं. एकदा होय म्हटलं की तो शब्द एकट्या आबांचा नाही, सगळ्या घराचा.

आबांनी हातात नारळ घेतला.

"बा रवळनाथा, मूळ पुरुषा, आज तुझी लेकरा जमली आसत, गोड मानून घे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"जो काय वाकडानाकडा बोल ह्या घरात झालो आसात, तो पोटात घाल रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

उत्तरा वड्यांची परात घेऊन दारात उभी होती. लग्नानंतरच्या पहिल्या म्हाळाला ती गप्प उभी राहिली, तेव्हा आबा म्हणाले होते, धाकटी सून, तुझो आवाज माका ऐकाक येऊक होयो. तेव्हापासून तिचा होकार सगळ्यात मोठा. आबांचं भरभर मालवणी तिला निम्मं कळत नसे; 'म्हाराजा' आलं की होय म्हणायचं एवढं तिने पक्कं केलं होतं, आणि त्याचं सगळ्यांना कौतुकही होतं. आज तर तिचं लक्षही नव्हतं. मुलुंडला परत जायचं, जिन्यात दिवा नाही, कडी कशी लावायची, हेच तिच्या डोक्यात चाललं होतं.

"तुझो नंदो उद्या गेटार उभो रवान आपलो अर्धो पगार भुकेल्यांसाठी सोडता, ह्यो ह्या घराचो शब्द आसा, तो तू राख रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

एकच आवाज. खणखणीत. उत्तराचा.

बाकी कोणी तोंड उघडलं नव्हतं. तिने इकडेतिकडे बघितलं. मालनच्या तोंडावर हात होता. नंदू तिच्याकडे बघत होता, आणि त्याचा चेहरा पांढरा झाला होता.

"काय झालं? मी काय बोलले?"

"वहिनी, तुम्ही देवासमोर शब्द दिलात," राजाराम हळूच म्हणाला. "अर्धा पगार सोडायचा."

परात तिच्या हातातून निसटायची तेवढी राहिली. मालनने पुढे होऊन धरली.

"आबा! फसवलंत मला तुम्ही!" उत्तराला रडू फुटलं. "मला कळत नाही म्हणून फसवलंत. असल्या शब्दाला मी मानत नाही. हे सगळं थोतांड आहे." असं म्हणाली खरी, पण तिची नजर पानांवरच होती. मधोमध पितरांचं वाढलेलं पान होतं, त्यावरून वाफ येत होती, आणि आपण त्यांच्यासमोर मोठ्याने हो म्हणालो होतो. पार्ल्याला असती तर हसली असती. इथे तिला हसू येईना.

"फसवूक नाय गो चेडवा," आबा म्हणाले. "माका भय वाटता. पोराक जितो बघूक होयो. दुसरा काय कळाक नाय माका."

"आता तरी ऐक, नंदू," राजाराम म्हणाला. "देवानेच सोडवणूक केली म्हण."

"देवाने?" नंदू उठला. "शब्द कोण मागतंय भावोजी, देव की हा बॉल?" त्याने आतल्या पाटावरून बॉल आणला, फाटलेली बाजू मिटून धरली आणि काशीरामच्या तोंडासमोर नेला. "दादा, वाच. कुणाची सही आहे?"

काशीराम हातातलं उरलेलं पान पुसायचा थांबला.

"माळ्यावरचा बॉल आहे हा. ह्या घरातला. सकाळपासून वाट बघतोय, तू काहीतरी बोलशील म्हणून. मी लोकांना घाबरत नाही रे. सकाळपासून मी तुला घाबरतोय."

मालनच्याने राहवलं नाही. "नंदूभावोजी, ह्यांना नका बोलू. ते तिघं आले होते. मी चहा केला त्यांना. माझ्या हाताने केला."

"मालन, तू गप," काशीराम म्हणाला.

"कित्याक गप? दोन दिवस गप आसंय, अन्न जाईना झालाहा माका!"

काशीरामने पान बाजूला ठेवलं. हा माणूस मुळातच कमी बोलणारा. बोलला की आधी गळा साफ करायचा. आता तेही केलं नाही.

"ते पाय मागीत होते," तो म्हणाला. "डावो. सोमवारी मीटिंगनंतर, पुलाखाली. सगळा ठरवून इले होते, माका नुसता सांगूक इले, भाऊ म्हणान. मी म्हटलंय, आदी भय घाला, भयानच तो ऐकात. ते म्हणाले, भय कसला घालतलंस? मग मी माळ्यार चढलंय आणि बॉल काढून दिलंय. पाय नको, ह्यो घेवा म्हटलंय." त्याने सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले. "माझ्यासमोरच फाडल्यानी. मी धरून बसलेलंय तो."

रुक्मिणी मटकन खाली बसली. कोणत्या पोराला जवळ घ्यावं ते तिला कळेना. एकाला घेतलं तर दुसरा मेला असं होईल असं तिला वाटलं, म्हणून ती नुसती दोघांच्या मध्ये बसून राहिली.

"भावोजी, तुम्हाला हे माहीत होतं?" उत्तराने विचारलं.

राजारामने आधी नंदूकडे, मग दाराकडे बघितलं. "पुलाचं माहीत नव्हतं. पण माझ्या हातात काही राहिलेलं नाही, वहिनी. सेक्रेटरी मी नावाचा. मागच्या मीटिंगला मी बोलायला उठलो तर मला खाली बसवलं. तुम्हाला वाटतं मी धमकी द्यायला आलो? मी पण जीव मुठीत धरूनच आलोय. नंदू माझा मेव्हणा, हे सगळ्या गेटला ठाऊक आहे."

म्हणजे ज्याला सगळे घाबरत होते तोच सगळ्यांत जास्त घाबरलेला! उत्तरा त्याच्याकडे बघत राहिली. तिचा राग कुठल्या कुठे गेला आणि राहिली ती नुसती भीती. तीच बाकीच्यांच्याही तोंडावर होती.

तिने डोळे पुसले, पदर खोचला आणि पानांसमोर आबांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. घाडींच्या घरात बाईने गाऱ्हाणं घातलेलं कोणी पाहिलं नव्हतं. आबांनी नारळ तिच्या हातात दिला.

"देवा, मला तुमची भाषा येत नाही," ती म्हणाली. "मघाशी मी न ऐकताच होय म्हटलं. शब्द दिला तो दिला, मोडत नाही. पण शेठला आम्ही एक पैसा सोडणार नाही. पगार पुरा घेऊ, आणि त्यातला अर्धा गेटवर नेऊन पॅकिंगच्या बायकांच्या हातात देऊ. सगळ्यांचा पुरा होईपर्यंत. मॅनेजरने टीममधून काढलं तर काढलं, क्वार्टर गेलं तर इथे येऊन राहू. हे नाही म्हणाले तरी मी देववीन. तू एवढंच कर, माझ्या नवऱ्याचे..."

"त्येचे पाय राख रे म्हाराजा!" आबांनी पुरं केलं.

"होय म्हाराजा!" मालन म्हणाली, रुक्मिणी म्हणाली. काशीराम सगळ्यांच्या मागून, घोगऱ्या आवाजात म्हणाला. नंदू उत्तराकडे बघत होता. अर्धा पगार, बूट, क्वार्टर, सगळं एका दमात देऊन टाकलं होतं तिने, आणि त्याला हलकं वाटत होतं, भीतीही वाटत होती. "होय म्हाराजा," तो म्हणाला.

राजारामचा आवाज त्यात नव्हता.

"जावयबापू, होय म्हणा," रुक्मिणीने हात जोडले. "तुमी म्हटल्याबिगर पान वाढूचंय नाय."

"म्हणतो की आये. होय म्हाराजा." त्याने घाम पुसला. "पण उद्या गेटवर जे असतील, ते आज इथे नाहीत."

पत्र्यावर ठेवलेल्या पानाला कावळा ह्या गडबडीत कधी शिवून गेला तेही कोणी पाहिलं नाही. पंगत बसली. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबार, भोपळा, खीर. मालनने सगळ्यांना वाढलं.

काशीराम नंदूच्या डाव्या हाताला बसला. लहानपणापासून तीच त्याची जागा.

"उद्या मी तुझ्यावांगडा येतंय," तो खाली बघत म्हणाला. "गेटापासून पुलापर्यंत. डाव्या अंगाक रवतंय. मेले ते, आदी माका मारूचा लागात त्यांका."

"ये," नंदू म्हणाला. मनापासून म्हणाला. भाऊ खरं बोलतोय ह्याबद्दल त्याला अजिबात शंका नव्हती. त्याने वड्याचा तुकडा मोडला, सांबारात बुडवला.

वाढता वाढता मालनला दिसलं. नंदूचा उजवा पाय मांडी घालून मोकळा होता. डावा त्याने पार आत ओढून, उजव्याखाली दाबून घेतला होता. काशीरामपासून लांब. त्याचं त्याला कळलेलं नव्हतं. तो जेवत होता.

काशीरामलाही दिसलं.

त्याचा घास हातातच राहिला. मग त्याने आपलं वाढलेलं पान दोन्ही हातांनी उचललं. म्हाळाचं वाढलेलं पान हलवायचं नसतं, ह्या घरात कधी कोणी हलवलं नव्हतं. दुसऱ्या कुठल्याही दिवशी रुक्मिणी किंचाळली असती. काशीराम उठला, नंदूच्या मागून वळसा घालून उजव्या हाताला गेला, पान खाली ठेवलं आणि बसला.

रुक्मिणीने नुसती त्याच्या पानावर खीर वाढली.